छर्रा नेमका सुटतो कधी? मुक्त पतनाच्या प्रकल्प नोंदी

२३ ऑक्टोबर २०२५, गुरुवार, भाऊबीज

ओवाळून झालं, करंजी अजून हातातच होती, तेवढ्यात भाचीने विज्ञानाची वही आणून मांडीवर ठेवली. यंदा दहावीला आहे. विज्ञान भाग एकमधला पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा, आणि सुट्टीत तिने आपणहून प्रयोग करून पाहिला होता. पंचवटीतल्या त्यांच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून रबरी चेंडू सोडायचा आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वेळ घ्यायची. उंची दोरी सोडून मोजलेली, ८.२० मीटर. तीन वेळा आल्या १.२१, १.३८ आणि १.४६ सेकंद. त्यावरून गुरुत्व त्वरण निघालं ११.२, ८.६ आणि ७.७. पुस्तकात ९.८.

"मामा, चूक माझ्या हातात आहे की सूत्रात?"

सूत्रात नाही, एवढं तिथल्या तिथे सांगितलं. उंची म्हणजे अर्धा गुणिले त्वरण गुणिले वेळेचा वर्ग. वेळ वर्गात बसते, म्हणून वेळेतली चूक त्वरणात दुप्पट होऊन उतरते. सव्वा सेकंदाच्या पतनात दहाव्या भागाएवढा सेकंद इकडेतिकडे झाला की उत्तर पंधरा टक्क्यांनी हलणार. पण तेवढ्याने तिचं समाधान झालं नाही आणि माझंही नाही. नाशिकच्या अंबडला माझा मोटार रिवाइंडिंगचा गाळा आहे. कॉइल, चुंबक, बेअरिंगचे छर्रे यांतच दिवस जातो. म्हटलं, रविवारी ये, नीट मोजू.

२६ ऑक्टोबर, रविवार

सुरुवात हातापासून केली. तीस सेंटिमीटरची पट्टी मी वरून धरायची, शून्याच्या खुणेपाशी तिने बोटं उघडी ठेवायची, मी न सांगता सोडली की चिमटीत पकडायची. तिने पकडली ती १९, १७, २२ सेंटिमीटरला. १९ सेंटिमीटर पडायला ०.२० सेकंद लागतात. म्हणजे डोळ्यांनी पाहून बोटं मिटेपर्यंत एवढा वेळ गेला, आणि तोही दर वेळी वेगळा. स्टॉपवॉच सुरू करताना एकदा आणि थांबवताना एकदा, असा हा गोंधळ दोनदा होतो. वहीतले ११.२ आणि ७.७ तिथूनच आले.

जेवताना गॅलिलिओचा विषय निघाला. त्याच्याकडे सेकंदाचा भाग दाखवणारं घड्याळच नव्हतं. म्हणून त्याने पतन मोजायचा नाद सोडला आणि पतनच मंद केलं. उतरत्या पन्हळीतून कांस्याचा गोळा सोडायचा आणि तेवढ्या वेळात बारीक धारेने भांड्यात जमलेलं पाणी तोलायचं. पाण्याचं वजन हीच वेळ. १६३८ साली छापलेल्या पुस्तकात त्याने हे लिहिलं आहे. दुप्पट वेळेत चौपट अंतर, हा नियम त्याला या पन्हळीत मिळाला. पिसाच्या मनोऱ्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, पण माझ्या मते त्याची खरी करामत पन्हळीचीच. भाचीला पाणी तोलण्याची युक्ती फार आवडली. "म्हणजे तराजूच घड्याळ झाला!"

आम्ही ठरवलं की सोडायचं यंत्राने आणि मोजायचंही यंत्राने. माणसाने फक्त चुंबकाला छर्रा चिकटवायचा.

२ नोव्हेंबर, रविवार

मांडणी उभी राहिली. सरकत्या खिडकीचा ॲल्युमिनियम सेक्शन भंगारात पडला होता, तोच भिंतीला उभा ठोकला आणि ओळंबा लावून सरळ केला. वर विद्युतचुंबक, खाली सहा मिलिमीटरची लोखंडी प्लेट, तिच्या पोटाला बझरमधली पिझो डिस्क चिकटवलेली. छर्रा प्लेटवर आदळला की डिस्क विजेचा टोला देते. मधे आर्डुइनो, म्हणजे प्रोग्राम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. तो चुंबकाचा प्रवाह तोडतो, त्याच क्षणी मोजणी सुरू करतो आणि टोला आला की थांबवतो. प्रोग्राम भाचीने लिहिला. बोटं मोजून अकरा ओळी.

चुंबकासाठी बारा मिलिमीटरचा माइल्ड स्टीलचा बोल्ट घेतला आणि त्यावर चौतीस गेजच्या तारेचे नऊशे फेरे दिले. रोध वीस ओहम, म्हणजे बारा व्होल्टला ०.६ अँपिअर. गुंडाळताना तिला शेजारी बसवलं. तार ओढायची नाही, तिला फक्त वाट दाखवायची, एवढंच शिकवलं. शेवटचे दोनशे फेरे तिने दिले आणि एकही फेरा दुसऱ्यावर चढला नाही.

छर्रे दोन आहेत. मोठ्या मोटारीच्या बेअरिंगमधला एक इंचाचा, वजन ६७ ग्रॅम. दुसरा अर्ध्या इंचाचा, ८.४ ग्रॅम. व्यास निम्मा झाला की वजन आठवा भाग होतं, हे तिने सोनाराच्या काट्यावर स्वतः ताडून पाहिलं.

उंचीच्या खुणा मी चुंबकाच्या तोंडापासून प्लेटपर्यंत मोजून केल्या होत्या. ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मामा, छर्रा एवढा पडतच नाही. त्याचं बूड आधीच इंचभर खाली आहे." बरोबर होतं. पडणारं अंतर छर्र्याच्या बुडापासून प्लेटपर्यंतचं. अर्ध्या मीटरच्या खुणेवर ही चूक पाच टक्क्यांची झाली असती. सगळ्या खुणा पुसून पुन्हा केल्या.

९ नोव्हेंबर, रविवार

पहिली खरी मोजणी. उंची १.५०० मीटर, मोठा छर्रा. पाच वेळा: ०.५८४९, ०.५८६२, ०.५८५७, ०.५८७१, ०.५८४६. सरासरी ०.५८५७ सेकंद.

आकडे एकमेकांना किती धरून आहेत! स्टॉपवॉचच्या पाव सेकंदाच्या फरकावरून आम्ही दोन-अडीच मिलिसेकंदांवर आलो. मग तिने त्वरण काढलं आणि ते आलं ८.७५. गाळ्यात शांतता पसरली.

नुसते एकसारखे आकडे म्हणजे बरोबर आकडे नव्हेत, हे आज दोघांना समोर दिसलं. पाची वेळा तीच चूक होत होती. अपेक्षेपेक्षा वेळ सुमारे ३२ मिलिसेकंद जास्त. छर्रा सावकाश पडत नव्हता, तो उशिरा सुटत होता. आम्ही प्रवाह तोडतो, घड्याळ सुरू होतं, आणि छर्रा अजून चुंबकाला धरून बसलेला असतो.

ताईचा फोन आला तेव्हा साडेआठ झाले होते. थंडी पडायला लागली आहे. गोदाकाठावरून तिला घरी सोडताना ती एवढंच म्हणाली, "सोडायचं म्हटलं तरी सुटत नाही."

११ नोव्हेंबर, मंगळवार, रात्री

गाळा बंद करून एकटाच बसलो. हे माझ्या धंद्यातलं दुखणं आहे आणि मला ते आधीच दिसायला हवं होतं. कारणं तीन आहेत.

पहिलं, डायोड. कॉइलचा प्रवाह एकदम तोडला की उलटा दाब उसळतो आणि प्रवाह तोडणारा ट्रान्झिस्टर जाळतो, म्हणून कॉइलला समांतर डायोड, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, लावतात. मीही सवयीने लावला. पण डायोडमुळे प्रवाहाला फिरायला वाट मिळते आणि तो हळूहळू मरतो. ट्रान्झिस्टर वाचतो, छर्रा अडकतो. डायोडच्या ओळीत रोध घातला की प्रवाह लवकर संपतो. शंभर ओहमचा घातला. दाब वाढणार, म्हणून जास्त व्होल्टेज सोसणारा ट्रान्झिस्टर बसवला.

दुसरं, भरीव बोल्ट. चुंबकत्व उतरायला लागलं की भरीव लोखंडाच्या पोटात गोल गोल प्रवाह उठतात आणि ते उतरणाऱ्या चुंबकत्वालाच धरून ठेवतात. ट्रान्सफॉर्मरचा गाभा पातळ पत्र्यांचा करतात तो याचसाठी. पत्र्या कापत बसण्यापेक्षा सेंटरिंगवाले सळया बांधतात ती काळी बाइंडिंग तार घेतली. ती मुळातच तापवून मऊ केलेली असते. तिचे सत्तर-ऐंशी तुकडे व्हार्निशमध्ये बुडवून वाळवले, म्हणजे एकाची वीज दुसऱ्यात जाणार नाही, आणि जुडी करून बोल्टच्या जागी कॉइलच्या बॉबिनमध्ये ठोकली. तोंड कानसीने सपाट केलं. मऊ लोखंडाचा दुसरा फायदा असा की प्रवाह गेल्यावर त्यात चुंबकत्व फारसं उरत नाही.

तिसरं, छर्रा लोखंडाला थेट टेकत होता. मधे सेलोटेपचा एक थर दिला. केसाएवढी फट पडली तरी उरलंसुरलं चुंबकत्व छर्र्याला पेलत नाही. आणि ६७ ग्रॅमला ०.६ अँपिअर कशाला? कमी करत करत ०.१५ वर आणला. छर्रा जेमतेम धरला जातो, दार आपटलं तरी पडतो. असाच हवा.

रात्री एक वाजता पहिला छर्रा टाकला. आवाजातच फरक जाणवला. आधी रिलेसारखी 'टक' आणि मग क्षणभर काहीच नाही, असं वाटायचं. आता 'टक' आणि पतन एकाच झटक्यात.

१६ नोव्हेंबर, रविवार

१.५ मीटरला ०.५५८१ सेकंद, त्वरण ९.६३. भाचीने टाळ्या वाजवल्या. पण ९.८ नव्हतेच. तिने ठरवलं की चारही उंचींवर मोजायचं. प्रत्येकी दहा वेळा. सरासऱ्या अशा आल्या. अर्ध्या मीटरला ०.३२३८, एक मीटरला ०.४५६३, दीडला ०.५५८१, दोनला ०.६४३९. त्वरणं निघाली ९.५४, ९.६१, ९.६३ आणि ९.६५.

ती आकड्यांकडे बघून गप्प झाली. मग म्हणाली, "उंची वाढली की त्वरण वाढतंय? पुस्तकात तर उलटं आहे. आणि तेही कित्येक किलोमीटर वर गेल्यावर."

मी चटकन सांगणार होतो, पण थांबलो. तिला चहा करायला लावला. आधण उकळायच्या आत ती बाहेर आली.

अर्धा मीटर आणि दोन मीटर. उंची चौपट, म्हणजे वेळ बरोबर दुप्पट व्हायला हवी. गॅलिलिओचाच नियम. ०.३२३८ ची दुप्पट ०.६४७६. प्रत्यक्षात आली ०.६४३९. दुप्पट करताना सुटण्याचा उशीरही दुप्पट झाला, पण दोन मीटरच्या मोजणीत तो एकदाच आहे. म्हणून दोन्हींतला फरक ०.००३७ सेकंद, हाच उशीर! चुंबक अजूनही ३.७ मिलिसेकंद छर्रा धरून ठेवतोय. लहान उंचीला वेळ थोडी, म्हणून तिथे तो जास्त खटकतो. मोठ्या उंचीला कमी. त्वरण वाढत नव्हतंच.

उशीर वजा केला. अर्ध्या मीटरची खरी वेळ ०.३२०१. अर्ध्या मीटरला सूत्र सोपं होतं, एक भागिले वेळेचा वर्ग. उत्तर ९.७६.

पतनाची दोन मोजमापं एकमेकांसमोर ठेवली आणि त्यातून चुंबकाचा दोष आपोआप वेगळा निघाला. चुंबकाला हातही लावावा लागला नाही. इतक्या वर्षांत शेकडो मोटारींचे दोष मी मीटर लावून शोधले, पण असा दोष शोधलेला मला आठवत नाही. तिच्या वहीत तारीख घालून मी खाली सही केली.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज लहान छर्रा. दोन मीटरवरून मोठा ०.६४३९, लहान ०.६५००. सहा मिलिसेकंदांनी मागे! अर्ध्या मीटरवरून ०.३२३८ आणि ०.३२९६. तिथेही सहाच्या जवळपास मागे.

जड आधी पोचतो, हलका मागून येतो. हे आकडे कुणाला नुसते दाखवले असते तर जड वस्तू आधी पडते म्हणणारा अरिस्टॉटलच खरा ठरला असता. पण भाची आता फसत नाही. "पडताना मागे राहिला असता तर दोन मीटरला फरक अर्ध्या मीटरपेक्षा जास्त दिसला असता. दोन्हीकडे जवळजवळ तेवढाच आहे. म्हणजे तो पडायच्या आधीच मागे राहिलाय." दुप्पटीची युक्ती लावली: ०.६५९२ वजा ०.६५००, उशीर ९.२ मिलिसेकंद. हलक्याला खाली ओढणारं वजन कमी, म्हणून चुंबक पार ढिला पडेपर्यंत तो सुटत नाही. उशीर काढून टाकल्यावर अर्ध्या मीटरची वेळ मोठ्याची ०.३२०१, लहान्याची ०.३२०४. वजनात आठपट अंतर, वेळेत सेकंदाच्या दहा हजारात तीन भागांचं, आणि तेही आमच्या मोजणीच्या चुकीच्या मापातच बसतं. हवेचा अडथळा लहान छर्र्याला जरा जास्त जाणवतो, तोही याच दिशेने ढकलतो.

असं का होतं, हे तिने धाकट्या भावाला समजावलं ते इथे लिहून ठेवतो. जड वस्तूला पृथ्वी आठपट जोराने ओढते हे खरंच. पण जड वस्तू हलायलाही आठपट कुरकुरते. ओढ आठपट आणि आळस आठपट, म्हणून वेग सारखाच. आळस म्हणजे जडत्व. मला यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं.

नंतर मोबाइलवर चंद्रावरचं चित्रीकरण पाहिलं. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने एका हातातून हातोडी आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचं पीस एकदमच सोडलं. तिथे हवा नाही. दोन्ही एकाच वेळी धुळीत टेकतात. पीस अजिबात तरंगत नाही, दगडासारखं सरळ खाली येतं. धाकट्याने ते सहा वेळा लावून पाहिलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आर्डुइनोचं घड्याळ तपासलं. काही बोर्डांवर मुख्य चिपला वेळेचे ठोके द्यायला क्वार्ट्झऐवजी सिरॅमिक रेझोनेटर असतो, तो तितका काटेकोर नसतो. मोबाइलच्या एका तासात आमचा बोर्ड ३६०४ सेकंद मोजतो. हजारात एकापेक्षा थोडा पुढे. दुरुस्ती केल्यावर मोठ्या छर्र्याचं त्वरण ९.७८.

३० नोव्हेंबर, रविवार

सिन्नर तालुक्यात भाचीच्या आजोळी... चुकलो, आजोळ माझं घर. तिच्या आजोबांच्या, म्हणजे ताईच्या सासऱ्यांच्या मळ्यात गेलो. कांद्याला पाणी चालू होतं, विहीर उपसलेली. भाचीने विचारलं, विहीर किती खोल? आजोबा म्हणाले, "पाण्यापत्तोर नऊ परस." तिला परस माहीत नव्हता. परस म्हणजे उभ्या माणसावरून धरलेलं माप, हे त्यांनी स्वतः उभं राहून दाखवलं.

दगड टाकून मोजायचं ठरलं. दगड सुतळीला बांधून कठड्याबाहेर धरला, मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू केलं आणि कात्रीने सुतळी तोडली. मुद्रणात कात्रीचा 'कच्' आणि पाण्याचा 'डुबुक' दोन्ही स्पष्ट येतात. लाटेच्या नकाशावर मधलं अंतर मोजायचं. तीन वेळा: १.८५, १.८७, १.८६. सुतळी तुटली की दगड लगेच मोकळा होतो, इथे चुंबकाचं दुखणं नाही. मात्र आवाजाला वर यायला वेळ लागतो. सेकंदाला साधारण ३४५ मीटर धरले तर ०.०५ सेकंद. ते वजा करून खोली निघाली १६.१ मीटर, जवळजवळ ५३ फूट. मग वजन बांधून दोरी सोडली. ५२ फूट भरली.

तो राहिलेला एक फूट हवेचा. दगड सेकंदाला सतरा मीटरच्या वेगाने पाण्यावर आदळतो, तोपर्यंत हवेने त्याला थोडं मागे खेचलेलं असतं. आजोबांनी विचारलं, मग पाऊस एवढ्या उंचावरून पडतो, तो का लागत नाही? फार चांगला प्रश्न. दोन किलोमीटरवरून हवेविना पडलेला थेंब सेकंदाला जवळजवळ दोनशे मीटरच्या वेगाने आला असता. पण वेग वाढतो तसा हवेचा विरोधही वाढतो, आणि एका वेगाला तो वजनाच्या बरोबरीचा होतो. तिथून पुढे वेग वाढत नाही. पावसाचे टपोरे थेंबसुद्धा सेकंदाला सुमारे नऊ मीटरच्या वर जात नाहीत. "आन् गारा?" त्या वजनाला भारी, म्हणून त्यांचा वेग जास्त. आजोबा द्राक्षाच्या मांडवाकडे बघत बसले. पुढे मी काही बोललो नाही.

निघताना त्यांना भास्कराचार्यांचं सांगितलं. ११५० साली सिद्धांतशिरोमणीत त्यांनी लिहून ठेवलंय की पृथ्वीला आकर्षणशक्ती आहे, ती जड वस्तूला आपल्याकडे ओढते, आणि ती वस्तू पडल्यासारखी भासते. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाचा शिलालेख आहे, आपल्या खानदेशातच. किती वेळात किती अंतर, हा हिशोब मात्र गॅलिलिओचा. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी मोठ्या आहेत, एकीचं श्रेय दुसरीला द्यायची गरज नाही.

७ डिसेंबर, रविवार

'पडल्यासारखी भासते' हे शब्द भाचीच्या डोक्यात बसले होते. म्हणून आज बाटली.

दोन लिटरच्या बाटलीला तळाजवळ खिळा तापवून भोक पाडलं, झाकण काढून पाणी भरलं. धार लागली. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून बाटली सोडली, खाली टपात झेलली, धाकट्याने मोबाइलवर संथ चित्रीकरण केलं. हातात असताना धार आहे. हात सुटला त्या चौकटीपासून धार बंद. पाणी भोकाच्या तोंडाशी काचेसारखं थांबलेलं, भोक उघडं असून एक थेंब बाहेर येत नाही. आधी निघालेली धार तुटून बाटलीच्या शेजारून खाली येताना दिसते. पाणी आणि बाटली सारख्याच वेगाने पडतात, म्हणून पाणी बाटलीवर भार टाकत नाही. भार नाही तर दाब नाही, आणि दाब नाही तर धार नाही. ही चित्रफीत आम्ही चौकट चौकट पुढे सरकवून किती वेळा पाहिली, मोजलं नाही.

मग मोबाइलमधल्या मापकांचे आकडे दाखवणारं फायफॉक्स ॲप चालू करून मोबाइल गोधडीवर टाकला. टेबलावर ठेवलेला असताना त्वरणमापक ९.८ दाखवतो, पडत असताना शून्याच्या जवळ. भाचीला हे उलटं वाटलं, आणि कुणालाही वाटावं. पण मापकाला टेबलाचा रेटा कळतो, पृथ्वीची ओढ कळत नाही. ओढ मोबाइलच्या कणाकणाला सारखीच लागते. अवकाशस्थानकातली माणसं तरंगतात तीही याचमुळे. चारशे किलोमीटर वर गुरुत्व त्वरण ८.७ च्या आसपास आहे, म्हणजे ओढ जवळजवळ इथल्याइतकीच. ती माणसं स्थानकासकट सतत पडत असतात. आडवा वेग एवढा आहे की जमीन प्रत्येक वेळी खालून वळून जाते.

१४ डिसेंबर, रविवार

नाशिकचं गुरुत्व त्वरण किती असायला हवं, ते कागदावर काढलं. पृथ्वी फिरते, आणि विषुववृत्तावर ती फुगलेलीही आहे. तिथली त्रिज्या ६३७८ किलोमीटर, ध्रुवावरची ६३५७. म्हणून विषुववृत्तावर ९.७८०, ध्रुवावर ९.८३२. नाशिक २० अक्षांशावर, म्हणजे समुद्रसपाटीला ९.७८६. शहर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंच आहे, त्याने जेमतेम ०.००२ एवढी वजावट. त्यातली थोडी खालच्या खडकाची ओढ भरून काढते. धरू ९.७८५.

आमचं मोजमाप ९.७८, चूक दोन्हीकडे ०.०२. पुस्तकांत कुठे कुठे ९.८१ असतं, तो आकडा युरोपच्या अक्षांशांना लागू पडतो. नाशिकला तो बसत नाही. आमच्या छर्र्यावरून ९.८१ नक्की नाहीच, असं छातीठोक सांगता येत नाही, पण काटा कुठल्या बाजूला झुकतो ते दिसतं. भाचीला आकड्यापेक्षा त्यामागे लिहिलेला '०.०२' जास्त आवडतो. तो लिहायला आम्हाला सात आठवडे लागले, म्हणाली.

२० डिसेंबर, शनिवार

मांडणी उतरवून शाळेत नेली. सेक्शन रिक्षात मावेना, म्हणून मधे कापून जोडपट्टी बसवली. प्रयोगशाळेच्या भिंतीवर ओळंबा लावायचं काम तिनेच केलं, मी फक्त ड्रिल धरलं. सेलोटेपचा थर नवा लावला, उंची छर्र्याच्या बुडापासून पुन्हा मोजली.

बाईंनी विचारलं, पहिला कोण सोडणार? वर्गातल्या एका मुलीने बटण दाबलं. दोन मीटर, मोठा छर्रा, ०.६४४१. भाचीने फळ्यावर आकडा लिहिला, आणि कुणी त्वरण काढायच्या आत खडू पुढे करून म्हणाली, "थांबा. आधी अर्ध्या मीटरवरून टाकू."